पेपर टाकायचाय (राजीनामा द्यायचाय) : करारात ९० दिवस, नव्यांना हवा ४५ दिवसांत. नोटीस द्यावी तरी किती?

वाकडहिंजवडी

मंडळी, सल्ला हवा आहे. पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत डेटाबेसचं काम करतो. नेमणूकपत्रात नोटीस ९० दिवसांची आहे. दुसरीकडची ऑफर हातात आली आहे. काम आवडीचं, पैसे बरे, पण त्यांना मी ४५ दिवसांत हवा आहे. 'फार तर पन्नास' असं त्यांची एचआर म्हणाली.

इथपर्यंत नेहमीचंच रडगाणं. माझा पेच जरा पुढचा आहे. दिवाळीनंतर आमच्याकडे मोठं मायग्रेशन आहे. एका ग्राहकाचा सगळा डेटा जुन्या ओरॅकलवरून पोस्टग्रेसवर न्यायचाय आणि त्यातली निम्मी स्क्रिप्टं मी एकट्याने लिहिलेली आहेत. मॅनेजर भला माणूस आहे, वडिलांच्या आजारपणात त्याने मला न मागता सांभाळून घेतलं होतं. ९० दिवस पूर्ण केले तर मायग्रेशन पार पडतं, पण ऑफर जाते. ४५ दिवसांत निघालो तर ऑफर राहते आणि तो माणूस तोंडावर पडतो.

बायको म्हणते, भलेपणाचं बिल कंपनी कधी पास करत नाही, आज पेपर टाक. वडिलांनी उभा जन्म एका कारखान्यात काढला, त्यांना 'नोकरी सोडणे' हा प्रकारच मुळात पटत नाही.

तर, ९० दिवस खरंच बंधनकारक असतात का? मॅनेजरला मेलच्या आधी तोंडी सांगावं का? आणि आयटीबाहेरची माणसं किती दिवस देतात, तेही वाचायला आवडेल.

खारीबिस्कीट

बायकोला +१. (बायको या धाग्यावर येणार असेल तर +२.)

गंमत सोडा, आधी नेमणूकपत्रातलं ते वाक्य इथे जसंच्या तसं टाका. 'नव्वद दिवसांची नोटीस किंवा त्याऐवजी पगार' असं आहे, की पुढे 'कंपनीच्या मर्जीनुसार' अशी शेपटी आहे? आणि पगार म्हणजे बेसिक (मूळ वेतन) की ग्रॉस (भत्त्यांसकट सगळा)? सगळी गोम तिथेच असते. समजा ग्रॉस महिना १,८०,००० आहे आणि बेसिक ८०,०००. ४५ दिवस कमी पडले तर बेसिकवर १,२०,००० भरावे लागतील आणि ग्रॉसवर २,७०,०००. शब्द एक, फरक दीड लाखाचा.

वाकडहिंजवडी

पाहिलं. 'किंवा त्याऐवजी मूळ वेतन' असं आहे आणि हो, शेपटीही आहे. 'कंपनीच्या विवेकानुसार मुदतीआधी मुक्त करता येईल.'

तिरकीरेघ

मी एचआरमध्ये आहे, बरीच वर्षं. शिव्या खायची सवय आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते.

नव्वद दिवस कायद्याने आलेले नाहीत, ते बिलिंगमधून आले. ग्राहक माणसागणिक महिन्याचे पैसे देतो. माणूस गेला की ती खुर्ची रिकामी आणि बिल बंद. बदली माणूस बाजारातून आणायचा तर त्याचीही नोटीस ९० दिवसांची. म्हणजे एका कंपनीने मुदत वाढवली की शेजारची वाढवणारच, कारण तिला माणूस उशिरा मिळतो आणि तिचा मात्र लवकर जातो. मी लागले तेव्हा आमच्याकडे एक महिना होता, मग दोन झाले, मग तीन. प्रत्येक वेळी कारण एकच : इतरांनी केलं. आणि हीच आमची कंपनी जाहिरातीत 'तात्काळ रुजू होणाऱ्यांना प्राधान्य' लिहिते. त्यावर मी अंतर्गत बैठकीत एकदा बोलले होते. सगळे हसले आणि जाहिरात तशीच गेली.

आता कामाचं. लवकर सोडायचं की नाही हे एचआर ठरवत नाही, प्रोजेक्ट मॅनेजर ठरवतो. एचआर फक्त त्याच्या मेलची वाट बघते. त्यामुळे 'एचआर सोडत नाही' हे वाक्य ऐकलंत तर निम्म्या वेळा त्याचा अर्थ मॅनेजरने अजून उत्तर दिलेलं नाही, एवढाच असतो.

दुसरं, तीन महिन्यांत प्रत्यक्ष काय होतं? पहिले काही आठवडे काहीच होत नाही. सगळ्यांना वाटतं हा थांबेल, काउंटर ऑफर (थांबण्यासाठी जास्त पगार) देऊ. मधले काही आठवडे बदली माणूस शोधण्यात जातात. केटी (आपलं काम दुसऱ्याला शिकवून सोपवणं) खऱ्या अर्थाने सुरू होते ती शेवटच्या पंधरवड्यात, आणि तीही एका एक्सेल शीटमध्ये हिरवे-पिवळे रंग भरून. म्हणून मायग्रेशन वाचवायचं असेल तर दिवस किती दिले याने फरक पडत नाही, केटी कुठल्या दिवशी सुरू झाली याने पडतो.

तुम्ही राजीनाम्याच्या मेलमध्येच शेवटच्या दिवसाची तारीख घाला. 'करारानुसार' असं मोघम लिहू नका, नाहीतर सिस्टीम आपोआप नव्वदावा दिवस टाकते आणि मग तो बदलायला तीन मंजुऱ्या लागतात. सोबत एका पानाचा आराखडा जोडा : कुठलं स्क्रिप्ट कोणाला शिकवणार, कुठल्या आठवड्यात, सराव-मायग्रेशन कधी. नावं घालून लिहा. माझ्या अनुभवात असा कागद जोडलेला माणूस आधी सुटतो, कारण मॅनेजरला त्याच्या वरच्याला दाखवायला काहीतरी मिळतं.

तोंडी सांगण्याबद्दल : हो, सांगा, आणि आधी त्यालाच. पण नव्या कंपनीचं सही झालेलं ऑफर लेटर हातात आल्यावर, आणि ज्या दिवशी सांगाल त्याच दिवशी मेल पाठवा. चार दिवस आधी 'तुमच्या कानावर घालून ठेवतो' असं सांगितलेलं कानावर राहत नाही, वर जातं. मग तुमचा राजीनामा येण्याआधी तुमच्याबद्दलची बैठक होते.

आणि नव्या कंपनीचे ४५ दिवस फार मनावर घेऊ नका. तारीख लिहिलेला जुन्या कंपनीचा मेल दाखवला की आठवडा-पंधरवडा बहुतेक जण थांबतात. मेल नसेल तर एक दिवस थांबत नाहीत. त्यांना भीती उशिराची नसते, तुम्ही येणारच नाही याची असते. कारण आजकाल नोटीस काळात माणसं आणखी दोन ऑफर गोळा करतात हे आम्हालाही ठाऊक आहे.

पाऊसपाणी

प्रतिसाद आवडला. वाचनखूण साठवली आहे.

उंबरठा

तिरकीरेघ, राग मानू नका, पण नोटीस ही एकतर्फी गाडी आहे. माझ्या शेजारच्या डेस्कवरच्या मुलीला सकाळी मीटिंगला बोलावलं, ती मीटिंगमध्ये असतानाच लॅपटॉप लॉक झाला, आणि जेवणाच्या सुट्टीआधी ती पाठीवर सॅक आणि हातात कुंडी घेऊन गेटवर उभी होती. तिच्या करारातही ९० दिवसच होते. तिला तीन महिन्यांचं बेसिक देऊन मोकळे झाले. मग आम्ही मात्र केटीचे आराखडे करायचे?

धागाकर्त्यांनी सरळ ४५ व्या दिवशी निघावं. काय करणार आहेत? पोलीस पाठवणार आहेत?

तिरकीरेघ

राग नाही. त्या मुलीच्या बाबतीत जे झालं ते वाईटच, आणि अशा बैठकीत मी बसलेली आहे. पण एक बघा, कंपनीने तिलाही 'त्याऐवजी पगार' देऊनच काढलं. तोच पर्याय धागाकर्त्यांना आहे, पैसे भरून निघण्याचा. न सांगता जाणं हा तिसरा प्रकार झाला. पोलीस नाही येत. रिलीव्हिंग लेटर (कंपनीने रीतसर मुक्त केल्याचं पत्र) येत नाही. आणि पुढच्या कंपनीची पार्श्वभूमी पडताळणी करणारी एजन्सी आमच्याकडे फॉर्म पाठवते तेव्हा त्यात 'पुन्हा घ्याल का' असा एक रकाना असतो. तिथे एक टिकमार्क पडतो आणि तुम्हाला तो कधी दिसत नाही.

जुनाटपेटी

कामगार कायद्यात हयात गेली, आता निवृत्त. थोडी भर घालतो.

उंबरठा यांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय सक्तीने पाळायला लावत नाही. म्हणजे 'उद्यापासून कामावर या' असा हुकूम तुमच्यावर निघणार नाही. पण करारभंगाची भरपाई मागता येते. १८७२ च्या करार कायद्यातलं कलम ७४ सांगतं की करारात रक्कम लिहिलेली असली तरी न्यायालय त्या मर्यादेत वाजवी तेवढीच देतं. थोडक्यात, तुम्हाला बांधून ठेवता येत नाही, बिल मात्र पाठवता येतं.

हे बिल निव्वळ कागदी नसतं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात निकाल दिला. अधिकाऱ्याने तीन वर्षं नोकरी करायची, आधी सोडली तर दोन लाख भरायचे, अशी अट होती. तो २००९ मध्ये दुसऱ्या बँकेत गेला, दोन लाख निषेध नोंदवून भरले आणि अटीला आव्हान दिलं. कर्नाटक उच्च न्यायालयात जिंकला, सर्वोच्च न्यायालयात हरला. न्यायालयाचं म्हणणं असं की ही अट नोकरी चालू असतानाची आहे, त्यामुळे करार कायद्याच्या कलम २७ च्या अर्थाने व्यवसायबंदी होत नाही. शिवाय सरकारी बँकेला प्रत्येक रिकाम्या जागेसाठी जाहिरात आणि परीक्षेची लांबलचक प्रक्रिया करावी लागते, तेव्हा दोन लाख अवाजवी नाहीत. हा निकाल बाँडचा आहे, नोटिशीचा नव्हे, आणि खाजगी कंपनीला तो तसाच्या तसा लागू होईल असं नाही. पण 'बाँड म्हणजे रद्दी' असं म्हणणाऱ्यांनी तो वाचावा.

कायद्याला स्वतःला किती दिवस वाजवी वाटायचे? १९४८ च्या मुंबई दुकाने आणि आस्थापना अधिनियमाच्या कलम ६६ मध्ये वर्षभर नोकरी झालेल्याला काढायचं तर ३० दिवस, तीन महिने ते वर्ष झालेल्याला १४ दिवस असं होतं. बंधन मालकावर होतं, नोकरावर नव्हे. २०१७ च्या नव्या महाराष्ट्र अधिनियमात ते कलम राहिलं नाही, सगळं करारावर आलं. कारखान्यांच्या आदर्श स्थायी आदेशांत (नोकरीच्या अटींचा सरकारी नमुना) मासिक पगारवाल्याला दोन्ही बाजूंनी एक महिना असे. तीन महिने हा आकडा मला यातल्या कुठल्या कायद्यात सामान्य नोकरदारासाठी दिसला नाही.

बाराखडी

काका, तीन महिने आहेत की! आमच्याकडे.

मी अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षिका. महाराष्ट्र खाजगी शाळा कर्मचारी नियमावली, १९८१. कायम शिक्षकाला तीन महिन्यांची नोटीस, कायम नसलेल्याला एक महिना, नाहीतर तेवढा पगार भरायचा. पण त्याहून मजेशीर भाग मूळ १९७७ च्या कायद्याच्या कलम ७ मध्ये आहे. राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक प्रत संस्थेला रजिस्टर पोस्टाने पाठवायची आणि एक स्वतःजवळ ठेवायची. संस्थेचं ऑफिस शाळेच्याच आवारात असलं तरी पोस्टानेच.

आयटीवाल्यांना हे विनोदी वाटेल. पण ज्यांनी शिक्षणसंस्था आतून पाहिल्यात त्यांना कारण सांगावं लागणार नाही. नेमणुकीच्या वेळीच कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवायची, आणि नको झालेल्या बाईंचा 'राजीनामा' योग्य वेळी कपाटातून काढायचा, हे प्रकार आमच्या आधीच्या पिढीने भोगलेत. पोस्टाचा शिक्का आणि पावती असली की तारीख मागची घालता येत नाही आणि पाठवणारा कोण हेही कळतं. माझ्या एका सहकारी बाईंनी तालुक्याच्या पोस्टात जाऊन राजीनामा रजिस्टर केला. ती फिकट पडत चाललेली पावती त्यांनी झेरॉक्स काढून, मूळ पावतीसकट आपल्या प्रतीला स्टेपल केली होती. संस्थेने 'आम्हाला मिळालाच नाही' म्हटलं तेव्हा त्यांनी फक्त ती फाईल टेबलावर ठेवली.

आणि अजून एक. आमच्याकडे तीन महिन्यांपेक्षा 'कधी' महत्त्वाचं. जूनमध्ये सांगितलंत तर मुलांना वर्षभर दुसरे सर मिळतात. डिसेंबरात दहावीचा गणिताचा शिक्षक गेला तर नोटीस कितीही द्या, मार्चला काय होणार ते सगळ्यांना दिसत असतं.

ताळेबंद

बाराखडीताई, अगदी. आमच्या धंद्यातही दिवस नाहीत, हंगाम आहे. माझं सांगलीत छोटं सीए ऑफिस आहे, करार-बिरार कुणाशी नाही. जो मुलगा ऑक्टोबर संपल्यावर येऊन सांगतो 'सर, डिसेंबरपासून पुण्याला चाललो', त्याला मी स्वतः दोन फोन करून चांगली जागा बघून देतो. जो ऑगस्टच्या शेवटी सांगतो, त्याने भले महिनाभराची नोटीस दिली तरी ३० सप्टेंबरच्या टॅक्स ऑडिटच्या तोंडावर त्याच्या पंचवीस फायली माझ्या टेबलावर. कागदावर दोघांनी सारखेच दिवस दिले!

धागाकर्त्यांसाठी हिशेबाचं : बायआउटवर (उरलेल्या दिवसांचे पैसे भरून निघण्यावर) कंपन्या पूर्वी १८ टक्के जीएसटी लावायच्या. ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने (क्रमांक १७८) केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने स्पष्ट केलं की नोटीस कमी दिली म्हणून वसूल केलेल्या रकमेवर जीएसटी लागत नाही. तरी काही पेरोलवाले जुनाच फॉर्म्युला चालवतात. एफएनएफच्या (नोकरी सोडतानाच्या अंतिम हिशेबाच्या) कागदावर तशी ओळ दिसली तर परिपत्रकाचा क्रमांक देऊन मेल टाका.

आयकराचं मात्र दुखणं आहे. जुन्या कंपनीने कापलेली रक्कम हातात येत नाही, पण फॉर्म १६ मध्ये पगार बहुधा पूर्ण दिसतो. अहमदाबादच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने करदात्याच्या बाजूने निकाल दिलेला आहे, तरी विवरणपत्रात ती रक्कम वजा केलीत तर पत्रव्यवहाराची तयारी ठेवा. आणि नव्या कंपनीने बायआउटचे पैसे दिले तर ते पगारात धरून टीडीएस कापतात. 'आम्ही देऊ' म्हणाले तर करापूर्वी की करानंतर, ते विचारून घ्या.

खारीबिस्कीट

अवांतर : वैमानिकांचं ऐकलं का? २०१७ पासून डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) नियम आहे, कॅप्टनला एक वर्षाची नोटीस आणि सह-वैमानिकाला सहा महिन्यांची. २०२३ मध्ये अकासा एअरचे वैमानिक मुदत न भरता गेले म्हणून कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. वाकडहिंजवडी, ९० दिवस म्हणजे तुमची चंगळ आहे म्हणायची.

नेकारकाठी

स्टुटगार्टहून. इथे कायद्यात नोकराची किमान मुदत चार आठवडे, तीही महिन्याच्या १५ तारखेला किंवा अखेरीला संपणारी. प्रोबेशनमध्ये दोन आठवडे. मालकासाठी मात्र नोकरीच्या वर्षांबरोबर वाढत जाते : दोन वर्षांनंतर एक महिना, पाचनंतर दोन, असं करत वीस वर्षं झालेल्याला सात महिने. प्रत्यक्षात इंजिनिअर लोकांच्या करारात दोन्ही बाजूंना तीन महिने, तिमाहीच्या अखेरीला, असं सर्रास असतं. म्हणजे एक दिवस चुकलात तर जवळजवळ सहा महिने अडकलात.

पण इथे कुणी कुरकुरत नाही, कारण घेणारी कंपनी ते धरूनच चालते. मी मुलाखतीत 'सहा महिन्यांनी येईन' म्हटलं आणि समोरच्याने नुसतं कॅलेंडर उघडलं. भारतातल्या सवयीने मी माफी मागायच्या तयारीत होते.

बाराखडी यांच्या पोस्टाच्या पावतीवरून आठवलं, जर्मनीत राजीनामा ईमेलने दिलेला चालतच नाही. कागदावर, शाईची सही. ऑफिसातले सगळे काम क्लाउडवर करतात आणि नोकरी सोडायची वेळ आली की प्रिंटर शोधत फिरतात.

जर्सीकर

अमेरिकेत बहुतेक राज्यांत कायदा काहीच सांगत नाही, दोन्हीकडून आजच्या आज संपवता येतं. दोन आठवडे हा रिवाज. आपल्या लोकांचं घोडं व्हिसापाशी अडतं : एच-वन-बी असेल तर नव्या कंपनीचा अर्ज दाखल झाल्याची पावती हातात आल्याशिवाय मी कुणालाही पेपर टाकायला सांगणार नाही. कारण नोकरी सुटली की साठ दिवसांचं घड्याळ सुरू होतं.

इथे तर दोन आठवडे सांगितल्यावर त्याच संध्याकाळी अ‍ॅक्सेस बंद केलेलेही पाहिलेत. त्यामुळे इकडचे लोक आधी स्वतःचे फोटो आणि टॅक्सचे कागद घरी नेतात, मग मॅनेजरची वेळ घेतात.

उंबरठा

जर्सीकर, तुमच्याकडे निदान हिशेब सरळ आहे. मला आक्षेप ९० ला नाही, 'कंपनीच्या विवेकानुसार' ला आहे. मी पैसे भरायला तयार, तरी सोडायचं की नाही हे तुम्ही ठरवणार. मग तो बायआउट कसला, ती विनंती झाली.

जुनाटपेटी

हे बरोबर बोललात. अशी शेपटी असेल आणि कंपनी अडून बसली तर माणूस कायद्याने हरत नाही, पण रिलीव्हिंग लेटरपायी नमतो. त्या एका कागदावर हे सगळं उभं आहे.

एक ताजी गोष्ट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत. वेतन संहितेच्या कलम १७ प्रमाणे राजीनामा दिलेल्याचं देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. ग्रॅच्युइटीला पूर्वीसारखेच ३० दिवस. '४५ दिवसांनी एफएनएफ' ही कंपन्यांची सवय आहे, हक्क नव्हे.

तिरकीरेघ

काका, कागदावर दोन दिवस आहेत. आमचं पेरोल महिन्यातून एकदा चालतं आणि आयटी विभाग लॅपटॉपच्या चार्जरची पोच द्यायलाच आठवडा घेतो. बदलेल, पण मागणाऱ्यांनी मागितलं तर.

वाकडहिंजवडी

सगळ्यांना एकत्र उत्तर देतो. पेपर टाकला.

ऑफर लेटर आल्यावर संध्याकाळी मॅनेजरला गाठलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, पहिला प्रश्न 'कुठे' असा नाही, 'मायग्रेशनची शेवटची स्क्रिप्टं रेपोमध्ये (टीमच्या सामाईक कोडसाठ्यात) आहेत का' असा विचारला. नव्हती सगळी. मग आम्ही तिथेच बसून यादी केली. कटओव्हरचा रोलबॅक कसा करायचा (नव्या डेटाबेसवर जाताना बिघडलं तर जुन्यावर परत कसं यायचं) हे फक्त माझ्या डोक्यात आहे असं निघालं, ते त्याने फळ्यावर सगळ्यात वर लिहिलं. रात्री घरी जाऊन तिरकीरेघ यांनी सांगितलं तसा तारखेसकट मेल आणि एक पानी आराखडा पाठवला.

मॅनेजरचं म्हणणं, सराव-मायग्रेशन दिवाळीआधी ओढू, ते तू नसताना दुसऱ्या दोघांनी करून दाखवलं की सुटलास. ते होईल अशी तारीख ५५ दिवसांची निघते. त्याच्या वरच्या साहेबांनी दोन दिवस तोंड फुगवलं, मग काउंटर ऑफर दिली, ती मी नाही म्हटल्यावर 'बरं' म्हणाले. शिल्लक रजा नोटिशीत वळत्या करायला एचआरने साफ नकार दिला. म्हणजे ३५ दिवसांचं बेसिक खिशातून. नव्या कंपनीला एलडब्ल्यूडी (कामाचा शेवटचा दिवस) लिहिलेला मेल पाठवला आणि 'फार तर पन्नास'चे आणखी दहा दिवस एका फोनवर वाढले! पण बायआउट देणार का विचारल्यावर तिकडे शांतता आहे.

उंबरठा

अभिनंदन. तरी ३५ दिवसांचं बेसिक हे मला दंडासारखंच वाटतं.

ताळेबंद

उंबरठा, त्यांचा नवा पगार किती वाढलाय ते विचारा, मग दंड किती महिन्यांत फिटतो ते मी सांगतो.

वाकडहिंजवडी, रजा वळत्या केल्या नाहीत म्हणजे बुडाल्या असं नाही. अर्जित रजेचे पैसे एफएनएफमध्ये यायला हवेत. वसुली एका ओळीत आणि रजेचे पैसे दुसऱ्या ओळीत वेगळे दाखवायला सांगा. आणि पीएफ : जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरली नाही तर पैसे नव्या खात्यात नेताना अडतं. २०२० पासून ती तारीख आपली आपल्याला यूएएन पोर्टलवर भरता येते, शेवटचं अंशदान जमा झाल्यावर दोन महिन्यांनी. रिलीव्हिंग लेटरवरचीच तारीख भरा, एक दिवसही पुढेमागे नको. नाहीतर दोन नोकऱ्या एकाच वेळी चालू दिसतात आणि पडताळणीवाले तेच शोधत असतात.

पाऊसपाणी

आतापर्यंत नुसती वाचत होते, एक विचारते. ५५ व्या दिवशी सुटणार आणि साठाव्या दिवशी रुजू होणार, म्हणजे मध्ये फट आहे. ग्रुप मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. वडिलांच्या आजारपणाचं लिहिलं होतंत, आईवडील कंपनीच्या पॉलिसीत आहेत का? नव्या कंपनीत आईवडिलांचं कव्हर असतंच असं नाही, आमच्याकडे नव्हतं.

वाकडहिंजवडी

दोघेही आहेत. हे डोक्यातच नव्हतं. नव्या ठिकाणी 'स्वतः, जोडीदार, मुलं' एवढंच आहे, आत्ता ऑफर लेटर उघडून बघितलं.

पाऊसपाणी

मग सुटायच्या आधीच जुन्या विमा कंपनीकडे जा. ग्रुप पॉलिसीतून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधीच्या आजारांसाठीच्या प्रतीक्षाकाळात ग्रुपमध्ये काढलेली वर्षं धरली जातात. प्रीमियम वयाप्रमाणे लागेल, तपासण्याही सांगतील. एचआरकडून सध्याच्या पॉलिसीचा क्रमांक आणि आईवडील कधीपासून कव्हरमध्ये आहेत त्याचं पत्र आताच मागून घ्या. सुटल्यावर ते पत्र मिळवायला मला टीपीए (विम्याचे दावे हाताळणारी कंपनी) आणि एचआर यांच्यामध्ये बऱ्याच चकरा माराव्या लागल्या.

तिरकीरेघ

आमच्याकडे ते पत्र एचआर देत नाही, विमा ब्रोकर देतो. तुमच्याकडे ब्रोकर असेल तर त्यालाच मेल टाका. एचआरला सीसीमध्ये ठेवा, आणि हे काम ऑफिसचा मेल चालू आहे तोवर करा.